हुशार पोरांची ती निवासी शाळा: तीन वर्षांचा आमचा अनुभव

गेल्या महिन्याभरात चार जणांनी तरी हाच प्रश्न विचारलाय. दोघांनी फोन करून, एकानं लग्नाच्या पंगतीत, आणि एकानं तर बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या टपरीवर गाठून, की तुमची पोरगी होती की त्या मॅथ्स-सायन्सच्या शाळेत, कशी आहे ओ, आमच्या पोराला घालू काय. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगून दमलो म्हणून एकदाच टाईप करून ठेवतोय, ज्याला पाहिजे त्यानं वाचा. शाळेचं नाव लिहिणार नाही. पोरीच्या मैत्रिणींची धाकटी भावंडं अजून तिथं आहेत आणि मला कुणाशी भांडण करायचं नाही. निवासी शाळा आहे, सीबीएसई आहे, हायवेपासून जवळ आहे, एवढं पुरे.

आधी आमचं सांगतो म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. माझं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल, फाउंड्रीवाल्यांची कास्टिंग येतात ती मशिनिंग करून द्यायची. मी आयटीआय टर्नर. बायको दहावी. पोरगी सातवीपर्यंत शहापुरात मराठी शाळेत. गणितात तिचं डोकं चालतंय हे आम्हाला नाही, तिच्या बाईंना कळलं. बाईंनी बोलावून सांगितलं की ही वर्गात सगळ्यांच्या आधी सोडवून मग उरलेला वेळ मागच्या बाकावरच्यांना गणितं घालत बसते, हिचं काहीतरी बघा. पाचवीत असताना नवोदयची परीक्षा दिलेली पण थोडक्यात गेली. मग सातवीत असताना कुणीतरी या शाळेचं माहितीपत्रक आणून दिलं. गुळगुळीत कागद, वर मोठ्या अक्षरात 'गिफ्टेड' असं लिहिलेलं, आत दुर्बिणीतून बघणारी पोरं.

त्या माहितीपत्रकातली एक गंमत नंतर लक्षात आली. आमची पोरं एनटीएसई आणि केव्हीपीवाय या देशपातळीवरच्या शिष्यवृत्ती परीक्षांमध्ये चमकतात असं दोन पानं भरून छापलेलं. आम्ही ॲडमिशन घेतलं तेव्हा एनटीएसई २०२१ नंतर झालेलीच नव्हती आणि केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद करून इन्स्पायर या दुसऱ्या शिष्यवृत्ती योजनेत मिसळून टाकलेली. म्हणजे ज्या परीक्षा अस्तित्वातच नाहीत त्यांच्या तयारीचे आम्ही पैसे भरले. कौन्सेलर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, पुन्हा सुरू होणार आहेत, तोपर्यंत बेस पक्का होतोय. बेस हा शब्द या तीन वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलाय की आता वर्कशॉपमध्ये कुणी मशीनचा बेस म्हटलं तरी खिशाला हात जातोय.

प्रवेश परीक्षा इंग्लिशमध्ये. पोरीला गणित येत होतं पण प्रश्न कळत नव्हते, लसावि-मसावि म्हटलं की झोपेत सांगेल पण एचसीएफ एलसीएम बघून गोंधळली. पेपर बरा गेला पण ग्रेट नाही. मग इंटरव्ह्यू. तिथं एक गणिताचे सर होते, धारवाडकडचे, कन्नड बोलणारे, मराठी मोडकं पण गोड. त्यांनी पेपर बघितला आणि विचारलं, हे तुला येत नाही की कळलं नाही? ती म्हणाली, सर, एलसीएम म्हणजे लसावि काय? सर हसले. म्हणाले, तुमच्यात लसावि, आमच्यात कन्नडात लसाअ, एका अक्षराचं भांडण आहे. मग फळ्यावर वर्तुळ काढून, मध्यापासून कडेपर्यंत रेघ ओढून म्हणाले, हे काय? ती म्हणाली त्रिज्या. सर म्हणाले, बघ, हे कन्नडात पण त्रिज्याच, मग भ्यायचं कशाला. त्याच मिनिटाला मी मनात ठरवलं की फी किती का असेना पोरगी इथंच घालायची. आणि ती चूकही होती आणि बरोबरही होतं, ते पुढं सांगतो.

फी पहिल्या वर्षी हॉस्टेल, जेवण, पुस्तकं धरून एक लाख पंचावन्न हजार. दरवर्षी वाढली. टॅबलेटचे वेगळे, 'ऑलिम्पियाड मटेरियल'चे वेगळे, ब्लेझरचे वेगळे. बेळगावच्या उन्हाळ्यात ब्लेझर कशाला असं विचारायचं नाही.

ॲडमिशनच्या दिवशी सगळ्या पालकांना कॅम्पस फिरवून दाखवला. बाकीचे पालक स्मार्ट बोर्ड बघत होते, मी फिजिक्स लॅबमध्ये व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, बघून थांबलो. आमचं पोटच त्याच्यावर आहे, हात गप्प बसत नाही. एक उचलला, जबडे बंद केले, खिडकीकडं धरला. मधनं उजेड दिसत होता. आणि शून्याला शून्य जुळत नव्हतं, दोन रेघा पुढं. वर्कशॉपमध्ये आम्ही ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर वापरतो, हा शाळेतला ०.१ चा, तरीसुद्धा ०.२ ची चूक म्हणजे आमच्याकडं जॉब सरळ भंगारात. लॅब असिस्टंटला सांगितलं तर तो पटकन म्हणाला, तो मुद्दाम तसा ठेवलाय, झिरो एरर शिकवायला. उत्तर इतकं झकास होतं की मी खूश झालो. तीन वर्षांनी पोरीला विचारलं तेव्हा कळलं की लॅबमधल्या एकाही व्हर्नियरचं शून्य जुळत नाही आणि प्रॅक्टिकलच्या वहीत सगळ्यांना 'झिरो एरर: निल' असंच लिहायला सांगतात.

आता मुख्य गोष्ट. त्या शाळेत दोन शाळा आहेत. एक सकाळी साडेसहापासून संध्याकाळपर्यंतची आणि दुसरी संध्याकाळी साडेसहा ते आठ, मेसच्या मागच्या खोलीत. ती दुसरी त्या सरांची. स्मार्ट बोर्ड नाही, साधा काळा फळा आणि खडू. पंधरा-वीस पोरं, आठवी ते दहावी सगळी मिसळून, ज्याला यायचं त्यानं यावं. सर एकच गणित फळ्यावर लिहायचे आणि जाऊन मागं बसायचे. कधी दीड तासात सुटायचं, कधी तीन दिवस लागायचे. उत्तर ज्याला मिळालं त्यानं गप्प बसायचं, एवढाच नियम. ओरडून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर.

हॉस्टेलमधनं रविवारी दहा मिनिटं फोन मिळायचा. पहिल्या महिन्यात आम्ही आपलं जेवलीस काय, झोप लागते काय, रडू येतंय काय असले प्रश्न तयार ठेवलेले आणि ही फोन उचलल्या उचलल्या म्हणते, बाबा, १ ते १०० मधले कुठलेही ५१ आकडे उचला, त्यात दोन आकडे तरी शेजारी-शेजारचे येणारच, कितीही चलाखी करा. का येणार ते सांगा. दहातली सात मिनिटं यातच गेली. जेवलीस काय ते विचारायचं राहिलं.

सोमवारी वर्कशॉपमध्ये मी आणि माझा हेल्पर, खानापूरकडचा पोरगा, जमिनीवर खडूनं आकडे लिहून बसलो. एक सोडून एक घ्यायचं ठरवलं. १, ३, ५ करत ९९ पर्यंत गेलो, पन्नास झाले, एक्कावन्नावा कुठला घ्यायचा? २ घेतला तर १ च्या शेजारी. मग तिथं थोडं सरकवलं, इथं थोडं सरकवलं, दुसरीकडं अडकलो. वरच्या बाजूनं सुरुवात करून बघितलं. हेल्पर म्हणाला, मालक, होत नाही म्हणून सोडा की. पण का होत नाही ते आम्हाला सांगता येईना, आणि तिकडं फाउंड्रीवाल्याचा फोन, फ्लँज झालेत काय.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, एक-दोनची जोडी, तीन-चारची जोडी, अशा लाव की. किती होतात? पन्नास. चपलांच्या पन्नास जोड्यांतनं तू एक्कावन्न चपला उचललास तर एक तरी जोडी अख्खी येईलच नव्हं? आणि तव्यावर भाकरी टाकली. आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं. मी पुढच्या रविवारी पोरीला म्हटलं, आईनं सोडवलं. फोनवर दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, आईला सांगा सरांनी चार दिवस दिलेले. आणि पन्नासच उचलले तर सुटका आहे, सगळे विषम घ्यायचे, ते तुम्ही केलंत ते बरोबर होतं पण तेवढ्यानं सिद्ध होत नाही. टर्नरला आठवीतल्या पोरीकडनं शेरा मिळाला. चांगलं वाटलं खरं.

त्याच खोलीत कापरेकरांचं ६१७४ पण शिकली. दत्तात्रेय कापरेकर म्हणजे देवळालीच्या शाळेतले साधे मास्तर, १९४९ मध्ये त्यांनी हा आकडा दाखवला. चार अंकी कुठलाही आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक मोठ्याकडनं लहानाकडं लावा, मग उलटे लावा, वजा करा, आणि हेच परत परत करत जा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर येऊन थांबतोय. सुट्टीला येताना बसच्या खिडकीतनं पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघून बोलायला लागायची. केए २२, पुढं ३५२४ असेल तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. बायकांना बस फुकट झाल्यापासून आधार कार्ड दाखवून शून्य तिकिटावर आई आणि ही, आणि पैसे देऊन मी एकटा. कंडक्टर पण ऐकत असायचा. एकदा त्यानं स्वतःच्या तिकीट मशीनवरचा आकडा दिला, तो पण झाला.

आणि भास्कराचार्य. सीमाभागातल्या हॉस्टेलमध्ये भांडण नाही म्हणजे कसं व्हायचं. कन्नड पोरं म्हणायची भास्कराचार्य विजापूरचे, म्हणजे आमचे. मराठी पोरं म्हणायची चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, १२०७ सालचा, म्हणजे आमचे. पार चादरी ओढाओढीपर्यंत गेलं म्हणे. सरांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, जन्म १११४, हे दोघांनाही मान्य आहे ना? मग बाकीचं वर्गसमीकरण सुटल्यावर बघू. भांडण मिटलं नाही, पण वर्गसमीकरण सुटलं.

हे झालं संध्याकाळचं. दिवसाची शाळा म्हणजे सरळ सरळ कोचिंग क्लास, गळ्यात टाय घातलेला. आठवीपासून जेईई-नीट फाउंडेशन, दर शनिवारी ओएमआर (पर्यायाचे गोल काळे करायची परीक्षा), दर पंधरा दिवसांनी बॅच बदलणार. ए-वन, ए-टू, ए-थ्री. ए-थ्री म्हणजे खरं तर सी, पण सी म्हटलं की पालक भडकतात म्हणून ए-थ्री. रँकचा बोर्ड लावलाय कुठं तर मेसच्या दारात. म्हणजे सकाळचं उप्पीट घ्यायला जाताना आधी आपला नंबर बघायचा. निपाणीकडची एक पोरगी ए-वनमधनं ए-थ्रीला गेली, पंधरवडाभर ती मागच्या दारानं, भांडी घासतात तिकडनं आत जाऊन जेवायची. वॉर्डन अक्कांना माहीत होतं, त्या गपचूप दार उघडं ठेवायच्या. आमची कधी ए-वनला, बहुतेक वेळा ए-टूला. कारण पेपरात एका प्रश्नाला दीड मिनिट आणि हिची सवय एका गणिताला तीन दिवसांची. मी एका पालक सभेत हे बोललो तर डायरेक्टर म्हणाले, स्पीड बिल्ड करावा लागतो. मी म्हटलं, साहेब, लेथचा स्पीड नुसता वाढवला तर टूल जळतंय, जॉब बघून स्पीड लावायचा असतोय. सगळे हसले, पुढच्या मुद्द्यावर गेले.

रँक बोर्डच्या शेजारी पेपरातलं कात्रण लॅमिनेट करून लावलेलं, २०२४ ला इंग्लंडमध्ये बाथला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड झालं त्यात भारत चौथा आला, चार सुवर्ण, त्याचं. छानच बातमी, अभिमानाची. पण ते असं लावलेलं की नवीन पालकांना वाटावं ही पोरं याच मेसमध्ये उप्पीट खाऊन गेलीत.

ऑलिम्पियाडचं नीट सांगतो कारण त्यावरनं फार फसवाफसवी चालते आपल्याकडं. शाळाशाळांतनं पैसे घेऊन ज्या ऑलिम्पियाड नावाच्या परीक्षा होतात आणि सगळ्यांना मेडल मिळतंय, ती वेगळी. गणिताची खरी जी आहे तिची पहिली पायरी आयओक्यूएम ही परीक्षा. ३० प्रश्न, ३ तास, १०० मार्क, पर्याय नाहीत, उत्तर दोन अंकी पूर्णांक भरायचा. त्यातनं पुढं आरएमओ (विभागीय), मग आयएनएमओ (राष्ट्रीय), मग मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा कॅम्प आणि त्यातनं देशाच्या टीमचे सहा जण. आमच्या पोरीनं आयओक्यूएम दोनदा दिली, निघाली नाही. सरांनी आधीच सांगितलेलं, तीस बघून घाबरू नकोस, आठ-दहा नीट सोडव आणि राहिलेली घरी घेऊन ये. ती खरंच राहिलेली घेऊन आली आणि दिवाळीभर कानडीत-मराठीत पुटपुटत बसलेली. शाळेनं मात्र ते फॉर्म भरणाऱ्यांचा आकडाच पुढच्या माहितीपत्रकात 'ऑलिम्पियाड पार्टिसिपंट्स' म्हणून छापला. खोटं नाही तसं. पण खरं पण नाही.

विज्ञानाचं काय म्हणाल तर फिजिक्स म्हणजे पीपीटी. केमिस्ट्री लॅबला कुलूप, किल्ली कुणाकडं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बायोलॉजीच्या मॅडम चांगल्या होत्या, कांद्याचं साल, हॉस्टेलमागच्या डबक्याचं पाणी सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, पोरींनी डबक्यात हात घालून नमुने आणले, आणि वॉर्डन अक्कांच्या शिव्या खाल्ल्या. त्या मॅडमना भीमगडला ट्रिप न्यायची होती, आपल्या खानापूर तालुक्यातलं अभयारण्य, तिथल्या बारापेडे गुहेत ती दुर्मीळ शेपटीवाली वटवाघळं आहेत, रॉटनची म्हणतात ती, जगात अगदी थोड्या ठिकाणी सापडलीत. माहितीपत्रकात 'वेस्टर्न घाट फील्ड व्हिजिट' असं होतं पण. तीन वर्षं दरवर्षी ट्रिप ठरली आणि दरवर्षी वॉटर पार्कला गेली. गुहेत पोरांना नेता येणार नाही हे मला पण समजतंय, पण जंगलाच्या कडेला तरी न्यायचं. आपल्या घरापासून दोन तासांवर जे आहे ते पोरांनी स्लाईडवर बघितलं.

जेवण ठीक. ज्वारीची भाकरी आठवड्यातनं तीनदा, सांबार पातळ, रविवारी गोड. तक्रार नाही. रविवारी भेटायला जाताना कुंदा नेला तर गेटवर काढून घेतात, बाहेरचं चालत नाही. मग नंतर कळलं की स्टाफरूममध्ये चालतंय.

मराठीचं मात्र मनाला लागलं, हे लिहावंच लागेल. तिथं मराठी म्हणजे आठवड्यातनं दोन तास, ते पण परीक्षा जवळ आली की गणिताला द्यायचे. कन्नड शिकली ते बरंच झालं, इथं राहायचं तर यायलाच पाहिजे, आता ती फाउंड्रीच्या शेट्टीशी माझ्यापेक्षा चांगलं बोलते. पण पहिल्या वर्षी आजीला पत्र लिहायची दोन-दोन पानं, दुसऱ्या वर्षी अर्धं पान, तिसऱ्या वर्षी फोनवरच 'आजीला सांगा'. वर्कशॉपमध्ये आली तर मी म्हणतो एकोणसत्तर, ती मनात उलटसुलट करून विचारते, सिक्स्टी नाईन ना बाबा? एकदा मी एकोणऐंशी म्हटलं आणि तिनं एकोणनव्वद मार्क केलं, पितळेचा बुश वाया गेला. चूक तिची नाही. पण जी पोरगी लसावि म्हणत त्या गेटातनं आत गेलेली ती तीच आहे, हे आजीला पटवायला लागतंय.

आणि आता ज्यासाठी सगळं लिहिलं ते. दहावीच्या वर्षी दसऱ्याची सुट्टी संपवून पोरगी परत गेली आणि रविवारी फोनवर म्हणाली, सर नाहीत. कुठं गेले? माहीत नाही. ऑफिसला फोन केला तर सांगितलं, पर्सनल कारणानं सोडलं, काळजी करू नका, कोटाचा अनुभव असलेली नवीन फॅकल्टी येतेय. नवीन सर आले, चांगलेच असतील, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण मेसच्या मागची खोली 'एक्स्ट्रा टेस्ट हॉल' झाली. काळा फळा काढून पांढरा बोर्ड लावला. साडेसहा ते आठ ओएमआर. आमची पोरगी पहिल्या दिवशी गेली आणि तीस प्रश्न पंचेचाळीस मिनिटांत सोडवून आली, पहिल्यांदाच ए-वनमध्ये पहिल्या पाचात नंबर आला. फोनवर सांगताना आवाज असा होता की बायको म्हणाली, ताप आहे काय बघायला सांगा.

सरांना का सोडावं लागलं याबद्दल पालकांच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरत होत्या. मला खरी माहीत नाही म्हणून लिहीत नाही. एवढंच की चार-पाच पालकांनी मिळून पत्र दिलं, सरांना परत बोलवा किंवा निदान ती खोली तशीच चालू ठेवा. पत्राची पोच मिळाली. शिक्क्यासकट.

तर घालायची काय त्या शाळेत? मला विचाराल तर आम्ही जी फी भरली ती पावतीवर शाळेच्या नावानं होती पण खरं तर एका माणसासाठी होती, आणि तो माणूस तिथं कायम राहील असं कुठल्याच पावतीवर लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं तुम्ही चौकशीला जाल तेव्हा स्मार्ट बोर्ड बघू नका. गणिताचे सर कोण, किती वर्षं झाली, त्यांना भेटू द्या म्हणा. भेटू दिलं नाही तर तिथंच समजा. जमलं तर संध्याकाळी जा, सकाळी नको, सकाळी सगळ्या शाळा चकचकीत असतात. केमिस्ट्री लॅबची किल्ली मागा. मेसच्या दारात काय लावलंय ते बघा. आणि पोराला सोबत न्या, कौन्सेलर बोलत असताना ते काय करतंय ते बघा, आमची त्या दिवशी इंटरव्ह्यूच्या खोलीतनं बाहेर यायला तयार नव्हती, तेवढं एकच लक्षण मी बरोबर ओळखलं.

पोर चौथी-पाचवीत असेल तर आधी नवोदयचा फॉर्म भरा, मग बाकीचं. आपल्या जिल्ह्याचं कोथळीला आहे, चिक्कोडी तालुक्यात. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा, ८० प्रश्न, १०० मार्क, २ तास. निम्मे प्रश्न नुसत्या बुद्धिमत्तेचे, आकृत्यांचे, त्याला क्लास लागत नाही, सराव लागतो. तीन चतुर्थांश जागा खेड्यातल्या पोरांना असतात त्यामुळं आमच्यासारख्या शहरातल्यांना अवघड जातंय, पण खानापूर, हुक्केरी, निपाणीकडच्या खेड्यांतल्या लोकांनी तरी सोडू नये. शिक्षण, राहणं, जेवण फुकट, नववीपासून महिन्याला ६०० विकास निधी आणि तो पण मुलींना माफ. आम्ही तीन वर्षांत जेवढे घातले तेवढ्यात एक सेकंडहँड लेथ आली असती, हा हिशोब मी बायकोसमोर काढत नाही.

पुण्याकडं ज्यांचे पाहुणे आहेत त्यांनी ज्ञानप्रबोधिनीची प्रशाला बघावी, १९६९ पासून हुशार पोरांसाठीच चालवतात, त्यांना याचा अनुभव आहे. आणि गणितासाठीच म्हणाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठान, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये काढलेली संस्था, तिथं ऑलिम्पियाडचे वर्ग होतात. पण ते सगळं पुण्यात. इथं काय, तर होमी भाभा केंद्राच्या साईटवर जुने पेपर फुकट आहेत, प्रिंट काढायला टिळकवाडीत दोन रुपये पान. खोली, फळा आणि गप्प बसणारा एक माणूस लागतोय फक्त, तो मिळणं अवघड.

स्टार द्यायचे म्हटलं तर मला जमत नाही. संध्याकाळच्या खोलीला पाच. दिवसाला दोन, त्यातला एक डबक्याच्या पाण्याचा आणि एक वॉर्डन अक्कांच्या मागच्या दाराचा. ऑफिसला शून्य.

पोरगी आता इथंच शहरात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स करते, घरातनं जाऊन येऊन. सरांनी जायच्या आधी शेवटचं जे गणित फळ्यावर लिहिलेलं ते तिच्या वहीत आहे, अजून सुटलेलं नाही, बायकोला पण नाही. हॉस्टेलचं कॉशन डिपॉझिट दहा हजार सोडताना एका महिन्यात देतो म्हणालेले, चौथा महिना चालू आहे, दर सोमवारी फोन करतोय. मिळालं की इथंच खाली लिहीन.